वास्तू आणि वास्तव्य

फोर्ट कोचीतील ज्या छोट्या वारसा-हॉटेलात आम्ही उतरलो, ते मुळात एका व्यापाऱ्याचे राहते घर. जाड भिंती, लाकडी जिना, कौलारू छप्पर, सारे निगुतीने जपलेले. मिरीच्या कोठाराला मात्र आता खोली-क्रमांक आहे. जवळच्याच सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये १५२४ साली वास्को द गामाचे दफन झाले. १५३९ मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले गेले. मागे राहिला तो दगड, आणि आम्हीही तोच पाहून आलो. पोर्तुगीजांनंतर १६६३ मध्ये डच, १७९५ मध्ये इंग्रज आले. सत्ता बदलल्या, तरी घरांत संसार नांदत होते. आता पाहुणे आहेत, घरचे कोणी नाही. मग वारसा म्हणून आपण काय जपतो, वास्तू की वास्तव्य? अर्थात पाहुण्यांच्या पैशावाचून या भिंती तरी उभ्या राहिल्या असत्या का, याचेही उत्तर द्यावे लागेल.