साक्षीदाराच्या डोळ्यांनी

नायकाच्याच डोळ्यांनी पाहत खेळावयाचे संगणकावरील बंदुकीचे खेळ मला आवडतात, हे ऐकून आमचे वकील स्नेही हसतात. हसोत बापडे! १९९३ च्या 'डूम'मध्ये कथा नावापुरतीच होती. १९९८ च्या 'हाफ-लाइफ'ने मात्र मला बांधून ठेवले. आरंभी कित्येक मिनिटे गोळी सुटत नाही; शास्त्रज्ञ गॉर्डन फ्रीमन ट्रॅमने ब्लॅक मेसा प्रयोगशाळेत कामावर निघाला आहे, इतकेच. पुढे प्रयोग फसतो, आणि सुटकेसाठी आलेले वाटणारे सैनिकच आपल्यादेखत शास्त्रज्ञांना गोळ्या घालतात. नायक अवाक्षर बोलत नाही. ऐकीव पुरावा आणि प्रत्यक्ष पाहिलेले यांतील अंतर वकिलाला का शिकवावे लागते? पुष्कळ खेळ ऐन प्रसंगी सूत्रे काढून घेऊन चलच्चित्र दाखवितात. तेव्हा साक्षीदाराचा मी नुसता प्रेक्षक होतो, आणि खेळावरून मन उडते.