माळ्यावरच्या ३८६चा वारस

भोरचा पाऊस एकदा लागला की माळ्यावरच्या वस्तूंना बुरशी चढते. म्हणून त्याआधीच जुना ३८६ संगणक, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि फ्लॉपींचे डबे खाली काढले.

प्रिंटरचा प्रश्न लगेच सुटला. कार्बन लावून एका दमात तीन प्रती काढायच्या तर आजही तोच लागतो. बाजारपेठेतल्या एका आडतदाराने आनंदाने नेला.

संगणकाचं तसं नाही. त्याच्या पोटात जिस्ट कार्ड आहे. आयआयटी कानपूरमध्ये रुजलेलं हे तंत्र पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलं आणि डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटली, युनिकोड रुळण्याच्या कितीतरी आधी! भंगारवाला हे वजनावर घेईल. मला ते सहन होणार नाही.

संगणक न्यायला येणाऱ्याला मी किंमत सांगत नाही. चालू करणार का, एवढंच विचारतो. मदरबोर्डवरची निकेल-कॅडमियम बॅटरी आधी काढावी लागते, नाहीतर ती गळून तांब्याच्या रेषा खाते. हे ज्याला न सांगता ठाऊक, तो खरा वारस. दिवाणखान्यात शोभेला ठेवणाऱ्यापेक्षा खटपट करणारा विद्यार्थी केव्हाही बरा. फ्लॉपींतला मराठी मजकूर इस्की या जुन्या संकेतात आहे. तो युनिकोडमध्ये आणून ठेवायची अट मात्र मी घालणारच.

भोर-वेल्ह्यात कुणाच्या माळ्यावर असं कार्ड पडलं असेल, तर कृपा करून ते भंगारात घालू नका. चालवणारा माणूस शोधा.