आजीच्या आवाजाची फाइल

मॉरिशसच्या पठारावर राहणाऱ्या आम्हां मराठी मंडळींच्या घरांत जुन्या वस्तूंचा खरा शत्रू म्हणजे दमट हवा. वाक्वाला तर कपाटातील साड्यांनाही बुरशी येते. मग व्हिडिओ कॅसेटची काय कथा! माझ्या धाकट्या आत्याच्या हळदीची १९९४ सालची कॅसेट बाहेर काढली तेव्हा फितीच्या कडेवर पांढरी पूड जमली होती. त्या फितीत माझी आजी हळदीची गाणी म्हणते. आजी २००३ साली गेली. तिचा आवाज दुसरीकडे कोठेही नाही.

कॅसेटवरून फाइल करून देणाऱ्या एका दुकानदाराने प्रथम जे दिले, त्यात सारे कृष्णधवल होते. हळदीच्या समारंभात हळदच पांढरी! पुढे उमगले की, आमच्या बेटावर त्या काळी दूरचित्रवाणीचे रंग फ्रान्सच्या सेकाम पद्धतीचे असत, आणि त्याचे यंत्र केवळ पाल पद्धत जाणणारे होते. दुसऱ्या यंत्रावर आजीचे लुगडे हिरवे झाले.

दीड तासाची ती फाइल सव्वापाच गिगाबाइटांची निघाली. मोबाइलचे कार्ड जुन्या धाटणीने आखलेले, त्यावर चार गिगाबाइटांहून मोठी एक फाइल मावतच नाही. छोट्या तुकड्यात आणली तर मोबाइल म्हणे, ही फाइल चालविता येत नाही. माझ्या भाच्याने समजाविले ते मला पटले : फाइलचे नाव म्हणजे डबा, आतील पदार्थ कोणत्या रीतीने दाबून भरला आहे हे डब्यावरून कळत नाही, आणि ती रीत ठाऊक नसली तर मोबाइल हात टेकतो. त्याने व्हीएलसी नावाचा फुकट प्रोग्राम घातला. पॅरिसमधील विद्यार्थ्यांनी आरंभिलेला हा प्रोग्राम बहुतेक सगळ्या रीती स्वतःच जाणतो. मूळ फाइल घरच्या जुन्या संगणकावर ठेविली. मोबाइल घरच्याच वायफायवरून तेथून हवा तेवढा भाग मागवून घेतो. इंटरनेटचा पैसा लागत नाही आणि हळदीच्या रात्रीची थट्टामस्करी घराबाहेर जात नाही. ती जाऊ नये, ही आईची अट होती.

लंडनच्या भाचीला मात्र मी एक तुकडा व्हॉट्सॲपवरून धाडला होता. तिने विचारिले, “मावशी, पणजी या ठिकाणी काय म्हणते?” मी वीस वर्षे मराठी शिकविते. दोनदा ऐकून ठामपणे लिहून कळविले : “अडचण.” अर्थही सांगितला, सासरची अडचण वगैरे. शिक्षकाला अर्थ कधी कमी पडत नाही!

त्या रविवारी आईला कानाला यंत्र लावून मूळ फाइल ऐकविली. ती हसू लागली. “अडचण कसली, अगं! वळचण.” मी पुन्हा ऐकिले. पाठविताना लहान केलेल्या तुकड्यात तो ‘व’ गळाला होता; मूळ फाइलीत स्वच्छ होता. तरी मला तो ऐकू आला नसता, कारण तो शब्द माझ्यापाशी नव्हताच.

मी आजन्म सिमेंटच्या सपाट छपराखाली राहिले. १९६० च्या फेब्रुवारीत कॅरोल चक्रीवादळाने गावेच्या गावे उडविली, आणि पुढे बेटावर काँक्रीटची घरे आली. आई तेव्हा सात वर्षांची. तिचे घर उसाच्या पाल्याने शाकारलेले, क्रिओलीत ‘लाकाज लापाय’. पाल्याची कड भिंतीबाहेर उतरे, तिच्याखाली पावसात कोंबड्या आणि आम्हां पोरी उभ्या राहत असू, असे ती सांगू लागली. ती जागा गेली, तिच्यासवे आमच्या घरातून शब्दही गेला.

भाचीला मी चूक कळविली, आणि पूर्ण फाइल न दाबता रात्रभर लावून पाठविली.

आई आता बोटाने चित्र मागे नेण्यास शिकली आहे. परवा तिने मध्येच थांबवून विचारिले, “ह्या दाराशी उभी आहे ती कोण गं?” मला ठाऊक नव्हते. आत्याला रविवारी बोलाविले आहे.