लांबचा डोळा, जवळचा डोळा

तीस वर्षं मी प्रुफं वाचते आहे. 'चिंता'वरचा ठिपका उडाला की 'चिता' होते. तो ठिपका शोधण्यावर माझं पोट चालतं. पंचेचाळिशीत कागद लांब धरायला लागले, मग चाळिशी नाकावर आली, दर दोन वर्षांनी नंबर वाढत गेला. छप्पन्नाव्या वर्षी अक्षरं चष्म्यातूनही धुरकट दिसायला लागली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूची सुरुवात होती.

पहिल्या दवाखान्यात पाच मिनिटांत, मोतीबिंदू काढून त्या जागी बसवायच्या मल्टिफोकल लेन्सचं पॅकेज पुढे आलं. "ताई, चष्मा कायमचा सुटेल." मी काम काय करते, हे कोणी विचारलंच नाही. त्याचा राग मला आजही आहे.

दुसऱ्या डॉक्टरबाईंनी माझ्याकडून प्रूफ मागून घेतलं, नेहमीसारखं धरायला सांगितलं आणि टेपनं अंतर मोजलं. कागद चाळीस सेंटिमीटरवर, संगणकाचा पडदा पासष्टवर. मग त्यांनी नीट समजावलं. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग ताठर होतं, जवळचं बघताना फुगायचं ते फुगत नाही. मल्टिफोकल लेन्स लांबच्या आणि जवळच्या नजरेला प्रकाश वाटून देते, म्हणून रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात आणि फिकट अक्षर आणखी फिकं वाटू शकतं. पुष्कळांना ती छान मानवते. पण माझं सगळं आयुष्य फिकट अक्षरांत.

पिलोकार्पिनच्या थेंबांबद्दल मी विचारलं. त्या थेंबांनी बाहुली बारीक होते आणि काही तास जवळचं बरं दिसतं, पण मोतीबिंदूला तो इलाज नव्हे. बुबुळाच्या पारदर्शक पडद्यात बसवायच्या चकतीचंही मी वाचलं होतं. अमेरिकेत 2016 मध्ये परवानगी मिळालेली 'रेनड्रॉप' ही चकती पडदा धुरकट होण्याच्या तक्रारींमुळे 2018 मध्ये परत मागवली गेली.

शेवटी ठरलं ते असं : उजवा डोळा लांबचा, डावा जवळचा. दोन्ही हातांच्या फटीतून दूरच्या घड्याळाकडे बघायला लावून त्यांनी माझा मुख्य डोळा उजवा असल्याचं ताडलं. पण लेन्स बसवण्याआधी आठ दिवस काँटॅक्ट लेन्स लावून तशी नजर वापरून बघायला सांगितली. पहिल्या दिवशी जिन्याची शेवटची पायरी चुकली, धडकीच भरली. चौथ्या दिवशी कुठला डोळा काय बघतोय याचं भान उरलं नाही. मी होकार दिला.

शस्त्रक्रियेत लेसर नव्हताच. बधिर करणारे थेंब, दोन-अडीच मिलिमीटरचा छेद, ध्वनिलहरींनी फोडून ओढून घेतलेला मोतीबिंदू आणि आत जाऊन उलगडणारी घडीची लेन्स. मला दिसले ते हलणारे पांढरे दिवे, ऐकू आलं यंत्राचं गुणगुणणं. तीन आठवड्यांनी दुसरा डोळा झाला.

आता बसची पाटी आणि संगणकाचा पडदा चष्म्याविना दिसतो. डाव्या डोळ्यात दीडचा नंबर मुद्दाम ठेवला आहे, तो पडद्याच्या अंतराला बरोबर बसतो. चाळीस सेंटिमीटरवरच्या बारीक टायपाला मात्र हलका चष्मा लागतो. ते त्यांनी आधीच सांगितलं होतं, म्हणून मला फसल्यासारखं वाटलं नाही.

तुमच्यावर ही वेळ आली तर आपल्या रोजच्या कामाची वस्तू बरोबर घेऊन जा, मग ती सुई असो, वही असो की पोथी. ती किती अंतरावर धरता हे मोजून घ्यायला सांगा. आणि एक डोळा लांबचा, एक जवळचा असं ठरत असेल, तर आधी काँटॅक्ट लेन्स लावून बघितल्याशिवाय होकार देऊ नका.