अगत्तीचे साडेतीन तास

आमच्या पाटोद्याला समुद्र नाही, हे सांगायला नकोच. पण माझ्या आईच्या वयाच्या बायकांत समुद्र पाहिलेली बाई शोधायची म्हटली तरी आमच्या गल्लीत दिवा घेऊन फिरावे लागेल, असे सांगितले तर मुंबईच्या वाचकांना गंमत वाटेल. बीड जिल्ह्यातला आमचा तालुका बालाघाटच्या डोंगरावर बसलेला. मांजरा नदी इथेच उगम पावते. पुढे धनेगावला तिच्यावर मोठे धरण झाले, त्या पाण्यावर लातूर शहर जगते. आम्ही पडलो तिचे माहेर. लेकीच्या सुबत्तेच्या गोष्टी लांबून ऐकाव्यात आणि आपण टँकरची वाट पाहावी, एवढेच आमच्या वाट्याला.

अशा या गावातून निघून आम्ही गेल्या माघात जहाजाने लक्षद्वीपला जाऊन आलो. कल्पना माझी नव्हे. माझे मेहुणे मुंबईत नोकरीला असतात आणि कोठे काय सवलतीत मिळते याची त्यांना खडान्‌खडा माहिती असते. त्यांचा फोन आला : मुंबईहून जहाज निघते, एक दिवस नुसता समुद्र, तिसऱ्या दिवशी सकाळी अगत्ती बेट, तेथे सात तासांचा मुक्काम, आणि संध्याकाळी परत फिरायचे. मी विचार करून कळवतो म्हणालो. पण माझा विचार पुरा होण्यापूर्वीच सौभाग्यवतींनी होकार देऊन टाकला होता. प्रश्न होता आईचा. “पाणी बघायला पैसं कशाला मोडायचं?” असे म्हणून तिने विषय मिटवला. शेवटी ‘आजी नाही तर मीही नाही’ असा सत्याग्रह चिरंजीवांनी पुकारला, तेव्हा तिने लुगडी बांधली आणि त्यांच्याबरोबर धपाट्यांचा डबाही.

जहाजाचे वर्णन मी करीत बसत नाही. पाण्यावर तरंगणारे मोठे हॉटेल डोळ्यांसमोर आणा, म्हणजे झाले. आईने त्यातल्या एकाच गोष्टीचे कौतुक केले. न्हाणीघरात रात्रंदिवस पाणी येते, आणि तेही गोडे! “समुद्रात ऱ्हाऊन ह्यांला गोडं पाणी कुठून मिळतं रं?” असे तिने मला विचारले. मी मराठीचा अध्यापक. ‘यंत्राने करतात’ म्हणून वेळ मारून नेली.

मेहुण्यांनी मात्र पूर्ण तयारी केली होती. सात तासांचे वेळापत्रक त्यांनी कागदावर आखून आणले होते. काचेच्या तळाची होडी पन्नास मिनिटे, स्नॉर्केलिंग एक तास, विमानतळ वीस मिनिटे, जेवण अर्धा तास. छायाचित्रांसाठी वेगळी पंधरा मिनिटे राखलेली. परीक्षेच्या वेळापत्रकातसुद्धा इतकी शिस्त मी पाहिली नाही. पण ते आखताना वाऱ्याला कोणी विचारले नव्हते. तिसऱ्या दिवशी सकाळी बेट समोर दिसत होते. माडांची एक हिरवी रेघ, तिच्याखाली पांढरी रेघ. आणि वारा असा सुटला होता की होड्या जहाजाला लागेनात. मोठे जहाज बेटापर्यंत जाऊच शकत नाही. बेटाच्या पश्चिमेला प्रवाळाचा बांध आहे, आतले पाणी उथळ. म्हणून जहाज बाहेर खोल पाण्यात उभे राहते आणि माणसे लहान होड्यांतून बांधाच्या खिंडीने आत नेतात. आमचा नंबर लागला तेव्हा साडेदहा वाजले होते. शेवटची होडी दोनला सुटेल, असे सांगण्यात आले. सात तासांचे साडेतीन झाले.

होडीत उतरणे हेच एक दिव्य होते. होडी वर येते, खाली जाते. ती वर आली की पाय टाकायचा. आईचे गुडघे दुखरे. ती दारात आली, खाली पाहिले आणि थबकली. मागे रांग खोळंबलेली. मी म्हणालो, “राहू दे, आपण दोघे इथेच थांबू.” त्यावर तिने माझ्याकडे असे काही पाहिले, की चौथीत पाढे चुकल्यावर पाहिले होते त्याची आठवण झाली. दोघा खलाशांनी तिला दोन्ही दंडांना धरून अलगद उचलले आणि होडीत ठेवले. “पोतं ठिवावं तसं ठिवलं की मला,” म्हणून ती स्वतःच हसली.

खिंडीतून आत शिरलो आणि लाटा एकाएकी थांबल्या. पाण्याचा रंग निळ्याचा पोपटी झाला, आणि तळाची वाळू, तिच्यावरून पळणारी होडीची सावली, सारे स्पष्ट दिसू लागले. या आतल्या पाण्याला भूगोलाच्या पुस्तकात खाजण म्हणतात. आई मागे वळून फेसाळणाऱ्या रेघेकडे पाहत होती. “बांध घातलाय म्हणून पाणी निवांत हाय,” ती म्हणाली. जलसंधारणाची कामे पाहिलेल्या बाईला प्रवाळाची भिंत समजावून सांगावी लागली नाही.

किनाऱ्यावर पाय ठेवताच मेहुणे सर्वांना घेऊन काचेच्या होडीकडे धावले. सात तासांचा कागद साडेतीन तासांत बसवायचा त्यांचा निर्धार होता. मी आईला घेऊन माडाच्या सावलीत बसलो. खरे सांगायचे तर मनातून थोडा खट्टू झालो होतो. एवढे पैसे भरून आलो आणि बसलो कोठे, तर झाडाखाली! आज मात्र वाटते, की त्या दिवशी बेट पाहिले ते आम्ही दोघांनीच. साडेतीन तासांत सगळे पाहू म्हणणाऱ्याला शेवटी रांगाच पाहायला मिळतात.

आई वाळू मुठीत घेऊन सोडत होती. पांढरी, पिठीसारखी. बऱ्याच वेळाने तिने विचारले, “इथं दगूड कुठंय?”

मी इकडेतिकडे पाहिले. खरेच, आमच्या रानात पावलागणिक लागतो तसला काळा दगड कोठेही नव्हता. डोंगर नाही, टेकडी नाही, नदी नाही, ओढा नाही. सहा-सात किलोमीटर लांब आणि फार तर किलोमीटरभर रुंद अशी ती वाळूची पट्टी. तीवर २०११ च्या गणतीप्रमाणे साडेसात हजारांवर माणसे राहत होती. आणि ती वाळू म्हणजेही प्रवाळाचा चुरा. त्यातला बराचसा पोपटमासे नावाचे मासे प्रवाळ कुरतडून, पचवून टाकतात त्याचा. हे आईला सांगितले नाही, जेवायचे होते.

१९७२ च्या दुष्काळात आई चौदा-पंधरा वर्षांची होती. दुष्काळी कामावर तिने खडी फोडली. दिवसभर हातोडी, आणि खायला सुकडी नि मिलो. डाव्या अंगठ्याचे नख तेव्हा गेले ते वेडेवाकडेच आले. “असल्या मुलखात आमी काय फोडलं असतं?” ती वाळूकडे पाहत म्हणाली. “मजुरीच मिळाली नसती.”

तेव्हा मला आमच्या कॉलेजातल्या भूगोलाच्या प्राध्यापकांचे बोलणे आठवले. निघण्यापूर्वी त्यांनी मला वर्गात बसवावे तसे बसवून सांगितले होते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातून लाव्हा उसळला, थरावर थर साचले आणि आपले दख्खनचे पठार झाले. आमचा बालाघाट त्यातलाच. आपली भूमी उत्तरेकडे सरकत राहिली, खालची आग मात्र आपल्या जागी राहिली, आणि तिने समुद्राच्या तळाशी ज्वालामुखींची एक ओळ उठवली. लक्षद्वीप, मालदीव, चागोस ही त्या ओळीवरची बेटे. तीच आग आज मादागास्करच्या पूर्वेला रीयुनियन बेटाखाली धगधगते आहे. ते ज्वालामुखी खचत खाली गेले आणि त्यांच्या माथ्यावर प्रवाळ वर वर चढत राहिले. बुडत्या डोंगरावर प्रवाळबेट कसे होते, हे डार्विनने १८४२ सालीच मांडले होते. म्हणजे आई ज्या दगडाची चौकशी करीत होती त्याचा भाऊबंद तिच्या पायांखाली होता, फक्त फार खोल. हे मी तिला जमेल तसे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, “मग पाणी कुठलं पितात ही माणसं? मला हिर दाखव.”

शहाळी विकणारा एक तरुण हिंदी बोलत होता. आमच्या वाटाड्याची परवानगी काढून तो आम्हाला पाच मिनिटांवरच्या आपल्या घरी घेऊन गेला. परसात विहीर. विहीर कसली, आमच्याकडे हौद याहून खोल असतो! काठावर वाकले की हात बुडेल असे वाटावे. आई काठाशी उभी राहून नुसती पाहत राहिली. आमच्याकडे बोअर पाचशे फूट नेले तरी वर धूळ येते. आईने आयुष्यात किती मैल हंडे वाहिले असतील, त्याचा हिशेब मी कधी केलेला नाही.

पावसाचे गोडे पाणी वाळूत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्याहून हलके असल्यामुळे त्यावर तरंगत राहते. दुधावर साय धरावी तसा तो थर. जपून उपसले तर टिकते; पंप लावून ओरबाडले की खालून खारे पाणी वर सरकते. शहाळेवाला म्हणाला, भरतीला विहिरीचे पाणी वर चढते, ओहोटीला उतरते. हे मात्र आईला पटेना. विहिरीला भरती! तेव्हा त्याने कठड्याच्या आतल्या बाजूचा ओला पट्टा दाखवला. आईने त्यावरून बोट फिरवले आणि मान डोलावली.

एव्हाना घरातली म्हातारी बाहेर आली होती. तिला मल्याळमशिवाय काही येत नव्हते, आणि आईला पाटोद्याच्या बोलीशिवाय. दोघी डोक्यावरून पदर सावरून समोरासमोर बसल्या आणि आपापल्या भाषेत बोलू लागल्या. मुले किती, पडलेले दात किती, गुडघे कसे आहेत, एवढे तरी मला कळले. नातू मध्ये दुभाष्याचे काम करू पाहत होता, पण त्याला कोणी विचारीना. पिण्यासाठी त्यांच्याकडे छपरावरचे पावसाचे पाणी टाकीत साठवतात. शिवाय २०११ पासून येथे समुद्राचे पाणी गोडे करणारा प्रकल्प आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय सागर प्रौद्योगिकी संस्थेने असा पहिला प्रकल्प २००५ साली कवरत्तीला उभारला. वरच्या कोमट पाण्याची कमी दाबाखाली वाफ करायची, आणि सुमारे साडेतीनशे मीटर खोलीवरून ओढलेल्या गार पाण्याने ती थंड करून गोडे पाणी धरायचे. जहाजावरच्या प्रश्नाला मी दिलेले ‘यंत्राने’ हे उत्तर अगदीच खोटे नव्हते तर!

घर कोणाचे, असे मी सहज विचारले. “अम्मा का,” शहाळेवाला म्हणाला. येथील मुसलमान समाजात घराणे आईकडून चालते. लीला दुबे यांनी या रीतीचा अभ्यास करून १९६९ साली पुस्तक प्रसिद्ध केले, ते मी जाण्यापूर्वी चाळले होते. पूर्वी लग्नानंतरही नवरा आपल्या आईच्या घरी राही आणि रात्री बायकोकडे येई. रीत आता बदलत चालली आहे. आईने मला दोनदा विचारले, “घर हिच्या नावावर? नवरा असताना?” आमच्या सातबाऱ्यावर आईचे नाव लागले ते वडील गेल्यावर, आणि तेही तलाठ्याकडे माझे दहा हेलपाटे झाल्यावर. पुढे ती काही बोलली नाही. निघताना त्या बाईने आईच्या हाती दोन नारळ दिले. शनिवारी मारुतीपुढे एक नारळ फोडून त्याची शेरणी गल्लीभर पुरवणाऱ्या आमच्या घरात एकदम दोन नारळ, तेही न मागता! आईने पिशवी चाचपली. धपाटे जहाजावर राहिले होते. तेवढी एकच हळहळ तिला परतीच्या वाटेवर लागून राहिली.

किनाऱ्यावर आलो तो मंडळी घामाघूम. काचेच्या होडीसाठी तासभर रांग, पाण्यात वीस मिनिटे. स्नॉर्केलिंगला वेळ उरला नाही, विमानतळ राहिला. सौभाग्यवतींनी मासे पाहिले, पिवळे नि निळे, त्यावर त्या खूष होत्या. मेहुणे नाराज. “जाहिरातीत प्रवाळ रंगीत दाखवतात, इथे बराचसा करडाच होता.” त्यात जाहिरातीची लबाडी थोडी, उन्हाचा वाटा मोठा. १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षी समुद्र तापला, आणि येथील प्रवाळ पांढरा पडून पुष्कळसा मेला. चिरंजीवांनी किनाऱ्यावरचा प्रवाळाचा एक तुकडा खिशात घातला होता, तो वाटाड्याने हसत काढून ठेवायला लावला. वन्यजीव संरक्षण कायद्याने तो नेता येत नाही. कायदा १९७२ चा. आईने साल ऐकले आणि म्हणाली, “त्या सालात सरकारला एवढं सुचलं व्हय?”

दोनला होडी सुटली. या वेळी आईने खलाशांच्या आधीच हात पुढे केले.

पाटोद्याला परतल्यावर संध्याकाळी गल्लीतल्या बायका जमल्या. निळे पाणी, जहाज, मासे यांचे वर्णन ऐकायला त्या आल्या होत्या. चिरंजीव मोबाइलवरची छायाचित्रे घेऊन तयारच होते. आईने त्यातले काही काढू दिले नाही. नारळाच्या खोबऱ्याचे तुकडे वाटत ती विहिरीचेच सांगत बसली. दोन हात खोल, भरतीला वर येणारी. कोणी तिला फारसे खरे मानले असेल असे मला वाटत नाही.

“आन्‌ पाणी गोड का गं?” शेजारच्या म्हातारीने विचारले.

“जरा मचूळ,” आई म्हणाली, “पर दोर लागत न्हाई.”