टवका

मोटारीच्या रंगाचे उडालेले टवके घरच्या घरीं बुजविणें हें असें काम आहे कीं, त्याचें नांव काढतांच मित्रमंडळी हंसतात. तरीहि गेल्या मार्गशीर्षांत या कामानें आमचा एक पंधरवडा आणि एक रात्र घेतली. पंधरवड्याबद्दल तक्रार नाहीं. त्या रात्रीचा हिशेब मात्र वाचकांपुढें ठेवावासा वाटतो.

आमचें घोडेगांव नेवासें तालुक्यांत, अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर आहे. येथें दर शुक्रवारीं जनावरांचा मोठा बाजार भरतो, आणि गळिताच्या हंगामांत सोनईच्या कारखान्याकडे उसाच्या गाड्यांची रीघ लागते. चाकांखालून काळ्या पाषाणाची खडी उडते. समोरून वेगानें येणाऱ्या मोटारीवर हरभऱ्याएवढा खडाहि गोळीसारखा बसतो. आमच्या पांढऱ्या मोटारीनें बारा वर्षें हा प्रसाद घेतला होता. ती विकण्याचें ठरलें तेव्हां आम्हीं टवके मोजले. ते १९ भरले.

मोटारीचा रंग म्हणजे एकच थर नव्हे. पत्र्यावर अस्तर, त्यावर रंग, आणि बहुधा सर्वांवर एक पारदर्शक थर; सारे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या एकदोन केसांची जाडी. पूर्वीं हे थर वाळावयास आठवडेच्या आठवडे लागत. १९२४ च्या ओकलंड मोटारींना ड्युपाँट कंपनीचा ड्युको रंग लागला आणि तो काळ सरला. आमच्याकडील रंगारी तें नांव अजून घेतात. रंग लौकर वाळूं लागला. खड्यापुढें मात्र तो पूर्वींइतकाच दुबळा राहिला.

कृति सोपी आहे, घाई मात्र चालत नाहीं. सकाळीं, पत्रा तापण्यापूर्वीं, सावलींत बसावें. जागा साबणानें धुऊन, वाळवून, स्पिरिटनें पुसावी, म्हणजे मेणचटपणा जातो. सुटूं पाहणारी कड सुईनें काढावी आणि गंज असल्यास चकाकता पत्रा लागेपर्यंत खरवडावें. मग अस्तराचा एक थेंब. रंगाचा क्रमांक मोटारीवरच्या पट्टीवर कोरलेला असतो. त्याच क्रमांकाची कुपी आणावी. कुपीतला कुंचला जाड असतो. त्यापेक्षां आगकाडीचें टोंक बरें. पातळ थेंब द्यावा, वाळूं द्यावा, पुन्हां द्यावा. आठवड्यानें पाण्यांत भिजविलेल्या २००० नंबरच्या पॉलिशकागदानें हलक्या हातानें घांसावें. टवका नाहींसा होत नाहीं. चार हातांवरून दिसत नाहीं इतकेंच. खरा लाभ हा कीं, पत्र्याला हवापाणी लागत नाहीं आणि गंज थांबतो.

१८ टवके आम्हीं याप्रमाणें बुजविले. एकोणिसावा छपराच्या तोंडाशीं, काचेच्या वरच्या कडेला होता. तेथें गंज रंगाखालून पसरला होता, आणि रंग पुटकुळीसारखा फुगला होता. खरवडलें असतें तर भोंक रुपयाएवढें झालें असतें. आम्हीं नखानें फुगवटा दाबला आणि वर थेंब ठेवला. तो सर्वांत सुरेख बसला.

आमच्या बाजारांत म्हशीचीं शिंगें तासून, तेल लावून चकचकीत करतात. शिंगावरचीं वळीं गेलीं कीं वेतांचा हिशेबहि गेला. म्हणून जाणता गिऱ्हाईक शिंगें सोडून दांत पाहतो. वीस वर्षें आमच्याकडे दूध घालणारे आबा असे जाणते आहेत. त्यांचा मुलगा आमच्या हाताखालीं शिकला. आतां नातवाकरितां त्यांना मोटार हवी होती. त्यांनीं म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा बॉनेटवरून हात फिरविला.

"गुरुजी, रंग झ्याक बसलाय. खालचं साफ केलंय न्हवं?"

"केलंय, आबा," आम्ही म्हणालों.

"मग काय बघायचं ऱ्हायलं!" म्हणून त्यांनीं इसार दिला.

जवळच्या शनिशिंगणापुरांत घरांना दारें नसल्याची ख्याति आहे. २०११ सालीं युको बँकेनें तेथें कुलूप न लावणारी शाखा उघडली. आल्यागेल्याला आम्ही हें अभिमानानें सांगत आलों. त्या रात्रीं ऐकावयास कोणी पाहुणा नव्हता. बुजविलेला टवका आणि झांकलेला टवका वरून सारखेच दिसतात; सुई खालपर्यंत गेली कीं नाहीं, हें हात चालविणारालाच ठाऊक असतें. आबांनीं तेवढेंच विचारलें होतें, आणि १९ पैकीं १८ वेळां आमचें उत्तर खरें होतें.

सकाळीं ते दूध घेऊन आले तेव्हां आम्हीं त्यांना मोटारीपाशीं नेलें आणि त्यांच्यादेखत तो थेंब पात्यानें उडविला. खालून तांबडा भुगा पडला.

"आबा, काल आम्ही खोटें बोललों."

त्यांनीं भुग्यांत बोट घातलें, धोतराला पुसलें. बऱ्याच वेळानें म्हणाले, "छप्पर गळलं असतं, पोरगं भिजलं असतं, दुसरं काय! पन गुरुजी, मी तुमाला पुन्ना इचारलं नसतं. कंदीच."

मग खांद्यावरचा रुमाल काढून त्यांनीं बाजारांतल्याप्रमाणें त्याखालीं आमचा हात धरला आणि बोटें दाबून किंमत चार हजारांनीं उतरविली. आम्हीं मान हलविली. तो गंज खरवडून, अस्तर देऊन, लांबी भरून आम्हीं रंगविला. तेथें डाग राहिला. तो दहा हातांवरूनहि दिसतो.

दूध मापून झाल्यावर आबा नेहमीं थोडें वरून घालीत. त्या दिवसापासून तें बंद झालें. माप पुरेपूर असे. बोलणेंचालणें पूर्वींप्रमाणें असे. वरचें दूध मात्र पडत नसे. आम्हीहि कांहीं म्हटलें नाहीं.

आषाढांत एके रात्रीं मुसळधार पाऊस झाला. छप्पर गळलें कीं नाहीं, हें विचारण्याचा धीर आम्हांला झाला नाहीं. सकाळीं आबा आले, त्यांनीं दूध मापलें, आणि माप खालीं ठेवण्यापूर्वीं पुन्हां किटलींत बुडवून थोडेंसें आमच्या भांड्यांत वरून ओतलें.