खुणेचा खिळा

गेल्या अमावास्येच्या ओहोटीला ठाण्याच्या खाडीत आमच्या खांबापाशी होडी लावली, तेव्हा पाण्याखालचे यंत्र त्याच्या नळीसकट नाहीसे झालेले दिसले. शेवाळ आणि बार्नॅकल जडू नयेत म्हणून संवेदकांभोवती तांब्याची जाळी गुंडाळलेली असते, आणि तांब्याला भंगारात भाव आहे. तेव्हा चोरीचे कारण शोधत बसण्याची आवश्यकता नव्हती. यंत्राचे दुःखही मला फारसे झाले नाही, कारण त्याची किंमत दप्तरी लिहिलेली असते, आणि पुरेसा पत्रव्यवहार केला म्हणजे त्याच्या जागी दुसरे येते. परंतु जाताजाता त्या माणसाने शेजारच्या जुन्या धक्क्याच्या दगडात बसवलेला पितळी खिळाही उपटून नेला होता. त्या खिळ्याच्या माथ्यापासून आम्ही वर्षानुवर्षे खांबाची उंची तपासत आलो होतो. दगडातले रिकामे भोक पाहिले आणि होडीतच मटकन खाली बसलो.

चिखलात रोवलेला खांब खचतो. तो चार मिलिमीटर खचला की पाणी चार मिलिमीटर चढल्याची नोंद होते, आणि ती नोंद दिसायला अगदी निर्दोष असते. मुंबईच्या भरतीमापकाच्या शतकाहून अधिक काळाच्या नोंदींवरून अभ्यासकांनी काढलेली समुद्राच्या चढण्याची गती वर्षाला साधारण एक मिलिमीटरच्या आसपास आहे. म्हणजे न तपासलेला एक खांब चार वर्षांचा समुद्र एका पावसाळ्यात चढवून दाखवू शकतो. म्हणून खांब ज्याच्याशी ताडून पाहायचा ती खूण खांबाहून स्थिर जागी असावी लागते.

हे मी कोणत्याही महाविद्यालयात शिकलो नाही. आमचे गाव धरमतरच्या खाडीवर, आणि खाडीचे खारे पाणी भातशेतीत येऊ नये म्हणून घातलेल्या बांधाची एक उघाडी माझ्या आजोबांच्या राखणीत होती. ओहोटीला तिची झडप उघडून शेतातले पाणी बाहेर जाई, भरतीला ती आपोआप मिटे. उघाडीपाशी एक सागाचा खांब होता. प्रत्येक मोठ्या उधाणाला पाणी कुठवर आले, ते आजोबा त्यावर कोयत्याने खाच पाडून ठेवीत. वैशाखात, घरटी एक माणूस बांधाच्या दुरुस्तीला येई त्या दिवसांत, ते गवंड्याकडून पाणसळ मागून आणीत, उघाडीच्या उंबऱ्याच्या दगडावर कोरलेल्या फुलीपासून खांबापर्यंत दोरी ताणीत, आणि एक डोळा मिटून बराच वेळ पाहत राहत. खांबावर खाचा असताना हा खटाटोप कशाला, असे मी एकदा विचारले. ते म्हणाले, "खांब बसतो रं. दगड नाय बसत."

कच्छच्या आखातात १८७३ च्या सुमारास ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हेच्या कॅप्टन बेअर्डला हाच प्रश्न घेऊन पाठवले होते. आखाताच्या माथ्याकडची, रणालगतची जमीन समुद्राच्या मानाने वर येत आहे की खाली जात आहे, हे ठरवायचे म्हणून ओखा, हंस्थळ आणि नवीनार येथे त्याने भरतीमापके उभारली. पुढे १८७८ पासून मुंबईत अपोलो बंदरावर भरतीची नोंद अखंड होऊ लागली. १८८३ च्या ऑगस्टात क्राकाटोआ फुटला तेव्हा हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरील मापकांच्या कागदांवर त्या लाटांच्या रेषा उमटल्या, आणि बेअर्डने त्यांवर निबंध लिहिला. हा इतिहास वाचताना माझे मन त्या निबंधापाशी थांबत नाही. घड्याळाला वेळेवर किल्ली देणारा, पिंपावरचा कागद बदलणारा, तरंग्याच्या विहिरीतला गाळ काढणारा कोणीतरी त्या बंदरावर होता, म्हणूनच त्या वेळी पेन्सिल कागदावर चालत होती. त्याचे नाव मला हवे आहे.

कारण त्याचेच काम मी आयुष्यभर केले. आमचा तांडेल पंचांगावरून तिथी पाहतो, तिची पाऊणपट करतो आणि पूर्ण भरती किती वाजता हे सांगतो. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. त्या हिशेबाने आम्ही ओहोटी गाठतो. यंत्र वर काढले की प्रथम ते होते तसेच बादलीतल्या पाण्यात ठेवून विद्राव्य प्राणवायू, क्षारता, गढूळपणा यांचे आकडे लिहून घ्यायचे. मग टोपी उघडायची. बार्नॅकलचे पांढरे शंकू प्लॅस्टिकच्या पट्टीने अलगद सोडवायचे, कारण लोखंडी पात्याचा एक ओरखडा प्राणवायूच्या संवेदकाची पातळ पटली कायमची निकामी करतो; फटीत दडलेली बोटाच्या पेराएवढी चिंबोरी बाहेर काढून चिखलात सोडायची; रबरी कड्यावरचा वाळूचा शेवटचा कण पुसून त्याला सिलिकॉनचे ग्रीस लावायचे. नंतर त्याच पाण्यात पुन्हा आकडे घ्यायचे आणि वहीत पहिल्यांशेजारी लिहायचे. दोन्ही स्तंभांतली तफावत हे या कामाचे सत्त्व आहे. ती वही नसेल तर पंधरवडाभर यंत्रावर साचलेला बुळबुळीत थर खाडीच्या माथी मारला जातो, आणि प्राणवायू घटत चालल्याचा अहवाल तयार होतो.

आणि याच वहीबद्दल माझ्या मनात एक जुना सल आहे. यंत्रे विकत घेण्यास मंजुरी मिळते, त्यांच्या उद्घाटनाला मंडप पडतो. परंतु होडीचे भाडे, सामू तपासण्याची सात आणि दहाची द्रावणे, तांडेलाची मजुरी यांची मागणी केली की तो खर्च "अनुत्पादक" असल्याचा शेरा मारून कागद परत येतो. एका कचेरीने तर जागा अडते या सबबीवर आमच्या जुन्या वह्या रद्दीत काढल्या आणि नुसते आकडे जतन केले. ज्या कारकुनाने शिरस्त्याप्रमाणे सही केली त्याच्यावर माझा राग नाही. ज्यांना त्या दोन स्तंभांचा अर्थ ठाऊक होता आणि जे गप्प राहिले, त्यांना मी अद्याप क्षमा करू शकलेलो नाही.

ठाण्याची खाडी २०२२ मध्ये रामसर यादीत गेली, रोहित पक्षी पाहायला माणसे येऊ लागली, याचा मला आनंद आहे. परंतु अलीकडे माझे मन धरमतरकडेच अधिक ओढ घेते. आजोबांचा बांध फुटला, दुरुस्तीला घरटी माणूस येईनासा झाला, आणि आमच्या भाताच्या खाचरांत आता तिवरांचे रान आहे. बांधाच्या आत भरतीचा गाळ पिढ्यानुपिढ्या आला नाही, म्हणून ती जमीन बाहेरच्या खाजणापेक्षा खोल राहिली होती. आता प्रत्येक उधाण तिथे गाळ टाकते. त्याने जमीन किती चढते, हे मोजता येते. स्टीलचा दांडा आणखी खाली जाईनासा होईपर्यंत ठोकायचा, त्यावर आडवा हात बसवायचा, नऊ सळया चिखलावर टेकवायच्या आणि काही वर्षे पुनःपुन्हा त्याच जागी येऊन त्यांची उंची लिहायची.

दिवाळीत हे चुलतभावाला समजावून सांगितले. त्याला बांध पुन्हा घालायचा आहे. आणि २०१८ च्या उच्च न्यायालयाच्या निकालाने सार्वजनिक हिताच्या कामाखेरीज कांदळवन तोडण्यास मनाई असल्याने सातबारावर नाव असूनही त्याला एक फांदी छाटता येत नाही. "दादा, तू चिखल मोजशील," तो म्हणाला, "पण आम्ही खायचे काय, ते कोण मोजणार?" मी त्याला उत्तर देऊ शकलो नाही. तिवरे राहावीत असे मला मनापासून वाटते, आणि तो तांदूळ खाऊन मी वाढलो आहे. नुकसानभरपाईचा अर्ज कसा लिहावा एवढे मात्र त्याने मला विचारले. सोबत जोडायला जमिनीची उंची लागेल, असे मी सांगितले. तेव्हा थोडा वेळ थांबून तो म्हणाला, उघाडीचा उंबरा अजून जागेवर आहे, पण फुली कोणत्या दगडावर होती ते तूच येऊन दाखव.